तारेवरचं लाल फडकं

गॅरेजच्या मागच्या अंगणात तारेवर लाल फडकं वाळत होतं. स्वच्छ धुतलेलं, पिळलेलं, कोपरे ताणून चिमट्यांत अडकवलेलं. वहिनी चहाचा कप घेऊन मागच्या दारात आली, तिची नजर फडक्यावर गेली आणि ती घाबरली.

धुतलेलं फडकं बघून कुणी घाबरत नाही, हे मान्य. पण हे फडकं तारेवर असायलाच नको होतं. ते आतल्या कोपऱ्यात, एका जुन्या सिलिंडरच्या गळ्यात बांधलेलं असायला हवं होतं. ते तिथे आहे तोवर त्या सिलिंडरला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. हा अर्थ ठरवला कुणी? वहिनीने. सांगितला कुणाला? इथेच तर घोडं अडलं होतं.

गॅरेज गाड्यांच्या एसीचं. सासऱ्यांनी सुरू केलेलं. त्यांच्या थोरल्या मुलाला पाने-पकडी हातात धरायचा कंटाळा, त्याचा जीव स्टिअरिंगमध्ये. त्याने मालवाहू पिकअप घेतली आणि गॅरेज आलं त्याच्या बायकोकडे आणि धाकट्या भावाकडे. धाकटा तिला वहिनी म्हणतो म्हणून गिऱ्हाईकंही वहिनीच म्हणतात. तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा म्हणतात, तिला त्याचं काही वाटत नाही.

हे भाऊजी म्हणजे टापटिपीचा कळस. पाना उचलला की पुसणार, ठेवला की पुसणार, आणि मधे वापरला तर तेवढ्यापुरता नाइलाज. प्रत्येक वस्तूवर खडूने लिहिणार: भरलेला, रिकामा, तपासून झालं, तपासायचं आहे. अक्षर मोत्यासारखं. वहिनीला लिहायचा कंटाळा. तिच्या सगळ्या खुणा फडक्यांच्या. निळं बांधलं की काम अर्धं राहिलंय, पिवळं बांधलं की सामान यायचंय, लाल बांधलं की लांब राहा. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, हे गॅरेज आहे की धुण्याची दोरी?" ती म्हणायची, "आणि तुमची ही शाळेची पाटी? घंटा कधी होणार ते तेवढं सांगा." इतकी वर्षं दोघं एकमेकांच्या पद्धतीला हसत आले आणि एकमेकांची पद्धत कधी शिकले नाहीत. काही बिघडत नव्हतं, म्हणून चाललं होतं.

दोनच दिवसांपूर्वी एक जुनी गाडी आली होती. तिचा गॅस काढताना वहिनीच्या नाकात वास शिरला आणि ती मागे सरकली. शेगडीचा गॅस! रस्त्यावरच्या कुणा शहाण्याने एसीच्या नळ्यांत स्वयंपाकाचा गॅस भरून दिला होता. गार करतो तो झकास, त्यात खोटं नाही. पण शेगडीचा गॅस शेवटी शेगडीचाच. गळला आणि ठिणगी मिळाली की तो पेटणार. तिने तो जपून एका जुन्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, गळ्यात लाल फडकं बांधलं आणि भाऊजी आले की सांगू, असं म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग फोन आला, मग लेकीला भूक लागली, आणि सांगायचं राहून गेलं.

"भाऊजी," ती दारातूनच म्हणाली. "हे लाल फडकं कुणी धुतलं?"

"मी," भाऊजी एका होज पाइपवर फुंकर मारत म्हणाले. "किती मळलं होतं! तेल, धूळ, काय नव्हतं त्यावर. म्हटलं, साबण लावूनच टाकू."

"आणि ते ज्याच्या गळ्यात होतं तो सिलिंडर?"

"तो होय? त्यावर खडूने काही लिहिलेलं नव्हतं. म्हटलं, आपणच कुठल्यातरी गाडीतून काढून ठेवलेला असणार. नवा संपत आला होता, म्हणून सकाळी दादाच्या पिकअपमध्ये तोच भरला." भाऊजींचा चेहरा खुलला. "वहिनी, काय गारवा आला म्हणून सांगू! त्या खटाऱ्याने जन्मात असं गार केलं नसेल. दादा म्हणाला, आता स्वेटर घालून गाडी चालवतो."

कप तिने कुठे ठेवला ते तिला नंतरही आठवलं नाही.

ती पिकअप वहिनीच्या लग्नाच्या आधीची. तिच्या एसीची गळती डॅशबोर्डच्या मागे, आतल्या कॉइलला. ती कॉइल बदलायची तर सगळा डॅशबोर्ड उघडून बाहेर काढावा लागतो, म्हणून दरवर्षी उन्हाळा आला की गॅस भरायचा आणि उन्हाळा सरेपर्यंत ढकलायचं. लोकांच्या गाड्या नीट करणाऱ्यांच्या घरची गाडी ही अशी. गळलेला गॅस बाहेर जात नव्हता, सरळ केबिनमध्ये येत होता. बाहेरची हवा आत घेणारी झडप केव्हाच मोडलेली. आणि एसी नव्याने गार करायला लागला की माणूस पहिलं काम काय करतो? काचा घट्ट वर करतो.

त्या बंद काचांच्या आत तिचा नवरा होता आणि त्याच्या शेजारी भिंगरी होती.

भिंगरी म्हणजे तिची लेक. एका जागी बसत नाही म्हणून हे नाव पडलं, ते पडलंच. शाळेला सुट्टी. सकाळी एसी गार झालाय हे कळल्यावर तिने बाबांच्या पायाला मिठी मारली, मी येणार, एसीत बसणार. वहिनीनेच तिचे केस विंचरून तिला वर चढवलं होतं, पट्टा लावला होता, आणि दार नीट लागलं का ते बाहेरून ढकलून बघितलं होतं. नीट लागलं होतं.

मग तिला तो निरोप आठवला. मघाशी नवऱ्याच्या फोनवरून भिंगरीने आवाज पाठवला होता. वहिनीने तेव्हा तो अर्धवट ऐकून हसून सोडून दिला होता. आता तिने तो पुन्हा लावला.

"आई, एकदम थंडी वाजतेय, मस्त! पण ना, कसलातरी घाण वास येतोय. सडक्या कांद्यासारखा. बाबांना येतच नाहीये. बाबा म्हणतात नव्या गॅसचा असेल, जाईल."

भाऊजींच्या हातातला होज गळून पडला. आता त्यांनाही कळलं होतं.

"वहिनी, त्यात काय होतं?"

"शेगडीचा गॅस," ती म्हणाली.

बाबांना वास का येत नाही, ते तिला ठाऊक होतं. सिगारेटने त्याचं नाक केव्हाच गेलं होतं. सिगारेट त्याने सोडलेली होती. म्हणजे तसं जाहीर झालेलं होतं. भिंगरी झाली तेव्हा त्याने तिच्या पाळण्यावर हात ठेवून सोडली होती, आणि वहिनीने डोळ्यांत पाणी आणून विश्वास ठेवला होता. पुढे त्याच्या खिशात पुदिन्याच्या गोळ्या सापडायला लागल्या. पिकअपच्या काचेच्या रबरात राख सापडायला लागली. ती फडक्याने राख पुसायची आणि गप्प बसायची. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो पुन्हा खोटं बोलला असता. न विचारण्यात दोघांचं बरं चाललं होतं.

पण राख केबिनमध्ये सापडायची. म्हणजे तो गाडीत बसूनच ओढतो. एकटा असताना ओढतो, की लेक शेजारी असतानाही? हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता जगात दुसरा प्रश्नच उरला नव्हता.

तिने फोन लावला. रिंग वाजली आणि तिच्या डोळ्यांसमोर पेट्रोल पंपावरची पाटी आली, मोबाइलवर लाल फुली मारलेली. तिने चटका बसल्यासारखा फोन कापला.

"कापला का?" भाऊजी ओरडले.

"ठिणगी पडली तर?"

"फोनने काही होत नाही हो वहिनी!"

"काय होतं आणि काय होत नाही ते तुम्ही मला आता सांगू नका!"

ती इतक्या वर्षांत दिराला असं कधी बोलली नव्हती. पण तिने पुन्हा फोन लावला, कारण न लावून तरी काय करणार होती. रिंग वाजत राहिली. आत केबिनमध्ये फोन वाजतोय, नवरा त्याच्याकडे बघून मान हलवतोय, हे तिला इथून दिसत होतं. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हा तिचाच हुकूम. बारशाला, लग्नाला, जो भेटेल त्याच्यासमोर तो कौतुकाने सांगायचा, "आमच्या घरी फार कडक कायदा आहे बुवा." बाकी सगळ्यात पळवाटा काढणारा माणूस, पण हा कायदा मात्र मनापासून पाळायचा.

तिने गाद्यांच्या दुकानात फोन लावला. आज पिकअपमध्ये गाद्या होत्या आणि त्या रेल्वे फाटकापलीकडच्या याच दुकानात पोचवायच्या होत्या. दुकानदार म्हणाला, "अजून नाही आले. आले की सांगतो. काही विशेष?"

"आले तर त्यांना लगेच गाडीतून उतरायला सांगा. काही पेटवू नका म्हणावं." दुकानदार पुढे काही विचारत होता, पण ती निघाली होती.

भाऊजींनी मोटारसायकल काढली. गॅरेजचं शटर उघडंच राहिलं. जाता जाता भाऊजींनी तारेवरचं फडकं ओढून खिशात कोंबलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चिमटे टणाटण फरशीवर पडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींनी काहीतरी पडलेलं उचललं नाही.

रस्ता दुपारचा, तापलेला. वहिनी मागे बसून समोरची प्रत्येक गाडी न्याहाळत होती. पांढरी पिकअप दिसली की ती भाऊजींचा खांदा थापटायची, जवळ गेल्यावर ती दुसऱ्या कुणाची निघायची, आणि मग आणखी भीती वाटायची.

"मला एका शब्दाने सांगायचं होतंत," भाऊजी वाऱ्यात ओरडून म्हणाले.

"धुवायच्या आधी एका शब्दाने विचारायचं होतंत."

दोघांचंही खरं होतं आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

वळणापलीकडे धूर दिसला. काळा, जाड, सरळ वर चढणारा. वहिनीने भाऊजींचा शर्ट मुठीत आवळला. तिला एकच दिसत होतं, सकाळी विंचरलेले केस, मधोमध काढलेला भांग. आपण ते दार बाहेरून ढकलून बघितलं होतं, नीट लागलंय का म्हणून. वळण संपलं. मोकळ्या जागेत कुणीतरी जुने टायर जाळत होतं आणि शेजारी एक कुत्रं निवांत झोपलं होतं. वहिनीला त्या टायर जाळणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशीही वाटली.

तेवढ्यात लांबून रेल्वेची शिट्टी आली. मालगाडी असावी, लांबलचक शिट्टी होती.

"फाटक पडणार," भाऊजी म्हणाले. "बरं झालं वहिनी, दादा तिथे अडकेल. सापडेल."

भाऊजींना वाटत होतं तसं बरं काही नव्हतं. लग्न ठरल्यावर नवरा तिला पहिल्यांदा त्याच पिकअपमधून फिरवायला घेऊन गेला होता. याच फाटकाशी थांबले होते. त्याने काच थोडी खाली केली, सिगारेट पेटवली आणि मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "फाटक पडलं की आपली पेटते. त्याशिवाय इंजिनसुद्धा थांबत नाही." तेव्हा ती हसली होती. लाजून, पदराशी चाळा करत वगैरे, अगदी मूर्खासारखी हसली होती.

"पळवा भाऊजी," ती म्हणाली. "फाटक पडायच्या आत. काय वाटेल ते करा, पळवा!"

पळवूनही व्हायचं तेच झालं. ते पोचले तेव्हा फाटक पडलेलं होतं आणि अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. भाऊजींनी मोटारसायकल कडेला घातली, पण वहिनी ती थांबायच्या आतच उतरली आणि धावत सुटली. ट्रक, टेम्पो, एक बस, कुणाची तरी नवी कोरी गाडी. इंजिनं घरघरत होती, लोक कंटाळून खिडकीतून हात लोंबवत होते. या सगळ्यांच्या पुढे, गाद्यांचा ढीग दोरीने आवळलेली पांढरी पिकअप उभी होती. शाबूत होती. काचा वर होत्या, इंजिन चालू होतं.

नवरा आत नव्हता.

तो गाडीबाहेर, मागच्या चाकापासून चार हात लांब, लोकांकडे पाठ करून उभा होता आणि त्याच्या खांद्यावरून निळसर धूर वर जात होता. तो बाहेर होता. लेक आत झोपली म्हणून तो बाहेर येऊन ओढत होता. पाळण्यावर हात ठेवून दिलेल्या शब्दातला एवढा तुकडा त्याने पाळला होता. वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिने, नको तेव्हा, जीव खाऊन हाक मारली.

"अहो!"

त्याने वळून बघितलं. बायको! इथे, भर रस्त्यात, केस सुटलेले, धावत येतेय! इतक्या वर्षांची चोरी पकडली गेली, एवढंच त्याला कळलं. त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा पडला. आणि मग त्याने तेच केलं जे तो इतकी वर्षं करत आला होता. हात पाठीमागे घेतला, चार ढांगांत केबिनपाशी गेला आणि दुसऱ्या हाताने दाराची कडी धरली. सिगारेट डॅशबोर्डच्या ॲशट्रेत दाबायची, पुदिन्याची गोळी तोंडात टाकायची, आणि मग काय ते बोलायचं.

"उघडू नका!" वहिनी किंचाळली. "अहो, विझवू नका! ओढा!"

तो जागीच थिजला. कडीवरचा हात तसाच.

"ओढा म्हणते ना! ओढत ओढत लांब जा! गाडीपासून लांब! त्या शेतात जा! पण ती आत नेऊ नका, तुम्हाला भिंगरीची शपथ आहे!"

टेम्पोतला एक जण खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "अशी बायको मिळायला नशीब लागतं, राव!" दोघं-तिघं हसले. नवऱ्याला काहीच समजेना, पण लेकीचं नाव ऐकून त्याचा हात कडीवरून खाली आला. त्याने सिगारेट तोंडात धरली, एक झुरका मारला, कारण तसा हुकूम होता, आणि रस्त्याच्या खाली उतरून शेताच्या बाजूने मागे मागे सरकत गेला. त्याचे डोळे बायकोवर खिळलेले होते.

तो पुरेसा लांब जाईपर्यंत वहिनी थांबली. ते थांबणं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. काचेआड भिंगरीचं डोकं सीटवर एका बाजूला कललेलं दिसत होतं. हलत नव्हतं. मग तिने कडी ओढली.

आतून गारवा आला आणि त्याच्याबरोबर तो वास आला. शेगडीचा. स्वयंपाकघरात बटण अर्धवट उघडं राहिल्यावर येतो तोच, पण इतका दाट की तिला उमासा आला. तिने श्वास रोखला. किल्लीला हात लावला नाही, कुठल्याच बटणाला लावला नाही. पट्टा काढला आणि लेकीला खेचून बाहेर घेतलं. पलीकडचं दार उघडं टाकायला भाऊजी आले होते. दार उघडून ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि खिशातलं लाल फडकं काढून जोरजोराने हलवायला लागले. "मागे घ्या! सगळे मागे घ्या! कुणी काही पेटवू नका! गॅस आहे!" त्यांचा आवाज चिरकला होता. टेम्पोवाल्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

वहिनी रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसली. भिंगरी तिच्या मांडीत जड पडली होती. "भिंगरी! ए भिंगरी! बाळा!" तिने गालावर हलक्या चापट्या मारल्या. गाल गार होते. "ऊठ ना गं." मालगाडी धडधडत जायला लागली. डब्यामागून डबे, संपता संपेनात. त्या आवाजात वहिनीला लेकीचा श्वास ऐकू येईना. तिने कान तिच्या नाकाशी नेला. गरम वाफ कानाला लागली की तसा भास झाला, तेही कळेना. मालगाडीचा शेवटचा डबा गेला.

"आई," भिंगरी डोळे न उघडता म्हणाली. "डोकं दुखतंय. एसी बंद कर ना."

वहिनी रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लोकांसमोर. तिला त्याची लाज वाटली नाही. तिने लेकीला इतकं आवळून धरलं की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

फाटक वर गेलं. पण रांगेतला एकही माणूस भोंगा वाजवेना. सगळे आपापल्या गाड्या मागे घेऊन, दारं सताड उघडलेल्या त्या पिकअपकडे लांबून बघत होते. भाऊजी अजून फडकं धरून उभे होते. आता ते हलवायची गरज नव्हती, पण हात खाली आणायचं त्यांना सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने वहिनीला नवऱ्याची आठवण झाली.

तो शेताच्या पार मधोमध उभा होता. तिने सांगितलं होतं त्याहूनही लांब. भाऊजींचं ओरडणं त्याला तिथपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इकडे धावत यायला त्याचे पाय उचलत होते आणि पुन्हा मागे येत होते. एक हात त्याने अंगापासून ताठ लांब धरला होता. सिगारेट जळून जळून बोटांपर्यंत आली होती. ती खाली टाकायला तो घाबरत होता, विझवायला घाबरत होता. बोटं भाजत होती, तरी हात तसाच होता.

"अगं," तो तिकडून ओरडला. आवाज रडवेला होता. "आता टाकू का?"